व्यक्तिचित्रणासाठी नवा कॅमेरा घेण्याआधी

फुलफ्रेम कॅमेरा (म्हणजे प्रकाश टिपणारा सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या फ्रेमइतका मोठा असलेला) घेतल्याशिवाय चांगली व्यक्तिचित्रे निघणार नाहीत, असे तुम्हाला वाटते. माझे मत विचाराल तर तो खर्च सध्या थांबवा. तुमच्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे त्याहून लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला ५० मिमीची साधी एफ/१.८ (भरपूर प्रकाश आत घेणारी) लेन्स लावली की फुलफ्रेमवरच्या सुमारे ७५ मिमीइतका दृश्यकोन मिळतो आणि चेहऱ्यासाठी तो उत्तम असतो. कॅमेऱ्यासोबत मिळालेली किट लेन्स १८ मिमीवर ठेवून अगदी जवळ गेलात तर नाक मोठे दिसते. हा परिणाम अंतराचा आहे, म्हणून दीड-दोन मीटर मागे उभे राहा.

वेळ द्यायचा तो प्रकाश पाहायला द्या. कोकणातल्या हर्णै बंदरावर भर दुपारी कोळीणबाईंच्या डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. त्यांनाच विचारून, कौलारू पडवीच्या कडेला अंगणाकडे तोंड करून बसवले, की प्रकाश मऊ होतो आणि डोळ्यांत उजेड चमकतो. मात्र अंगण जांभ्याचे असेल तर हनुवटीखाली तांबूस छटा चढते, आणि ती फक्त खालूनच येत असल्यामुळे व्हाइट बॅलन्स (सगळ्या चित्राची रंगछटा एकदम बदलणारी सोय) बदलून पुरती जात नाही. अशा वेळी समोर जमिनीवर एखादा पांढरा पंचा अंथरावा.

फिल्मच्या रोलवर ३६ फ्रेमच असल्यामुळे माणूस विचार करून बटण दाबतो, ही सवय मला फार मोलाची वाटते. रंगीत निगेटिव्हला एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश सहज चालतो. डिजिटलमध्ये मात्र कपाळ पांढरेफटक झाले की तपशील परत मिळत नाही.

वाचलेल्या पैशांतून हवाबंद डबा आणि सिलिका जेल जरूर घ्या, कारण आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सला बुरशी लवकर धरते.