ल्यूटवर आजची रचना बसवताना

ल्यूट म्हणजे युरोपातलं जुनं, जोडतारांचं तंतुवाद्य. आधी पडदे तपासा. मानेवरचे पडदे आतड्याच्या दोऱ्याचे, सतारीसारखे सरकणारे. जुन्या संगीतासाठी ते बऱ्याचदा मीनटोनमध्ये, म्हणजे सगळे अर्धस्वर सारखे नसलेल्या जुन्या जुळणीत, लावलेले असतात. बाराही स्वर सारखे वापरणाऱ्या नव्या रचनेत मग काही स्वर हमखास बोचतात. 60 सेंमी तारेला समान अर्धस्वरांसाठी पहिला पडदा मानेच्या टोकाला तार टेकते तिथून 3.37 सेंमीवर हवा. मीनटोनच्या षष्ठांश-कॉमा या प्रकारात, मोठा अर्धस्वर धरला, तर तो 3.63 वर येतो. जेमतेम तीन मिलिमीटर, पण कान माफ करत नाही.

हार्मॉनिकला, म्हणजे तार न दाबता नुसत्या स्पर्शाने काढलेल्या उंच सुराला, जोडीतल्या दोन्ही तारांना बोट हलकं टेकलं पाहिजे. एक सुटली की ती मूळ स्वरच वाजवते. खर्जाच्या जोडीत एक तार सप्तकभर वरची असली, तर हार्मॉनिकही दोन ऐकू येतात. रचना लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा गिटार असते! नखं मात्र कापाच.