सनावळ्या पाठ करून काय मिळतं?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. गणित-विज्ञानात हुशार, पण इतिहासाचं पुस्तक उघडलं की रडकुंडीला येते. ‘होऊन गेलं ते गेलं, त्याच्या सनावळ्या मी का पाठ करू?’ म्हणते. दहावीनंतर हा विषय सुटणारच आहे. तिला काय सांगू?

उत्तर : तिची निम्मी तक्रार खरी आहे, हे आधी तिला सांगा. सनावळ्या घोकायच्या आणि पेपरात उतरवून काढायच्या, याला इतिहास म्हणत नाहीत. मी २७ वर्षं हा विषय शिकवला आणि अशाच प्रश्नपत्रिका तपासत आले, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पण सनांशिवायही चालत नाही. नववीच्या वर्गाला मी दरवर्षी एक पत्र वाचायला द्यायची. खंदकातल्या सैनिकाने आईला लिहिलेलं, तारीख १९१६ची. चिखल, उंदीर, भिजलेले बूट, सगळं त्यात होतं. पत्र माझंच, बनावट. मुलांना फक्त एवढंच विचारायचं, की हे खरं मानायचं का? एका वर्षी कधीही तोंड न उघडणारा एक मुलगा मागच्या बाकावरून उठला. “बाई, यात ‘पहिलं महायुद्ध’ लिहिलंय. दुसरं होणार, हे याला कसं कळलं?” वर्ग एकदम गप्प झाला. १९३९ हा आकडा त्याच्या डोक्यात नसता, तर चोरी पकडली गेली नसती.

खऱ्या इतिहासातही असंच घडलंय. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पश्चिमेकडच्या साम्राज्याची सत्ता पोपला दिली, असं सांगणारा एक दस्तऐवज युरोपात कित्येक शतकं पुढे केला जात होता. १४४०मध्ये लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानाने त्यातली लॅटिन भाषा बारकाईने तपासली. चौथ्या शतकातल्या रोमच्या कागदात ‘सत्रप’ हे इराणी सुभेदार आलेच कुठून, असं त्याने विचारलं. कागद बनावट होता. तो आठव्या शतकाच्या सुमारास रचला गेला, असं आता मानतात.

फोटोसुद्धा खोटं बोलतो. मॉस्को कालव्याकाठी सोव्हिएत हुकूमशहा स्टालिनशेजारी उभा असलेला त्याचा गुप्त पोलीसप्रमुख येझोव्ह १९४०मध्ये मारला गेला आणि पुढे त्या फोटोतूनही पुसला गेला. त्याच्या जागी नुसतं पाणी दिसतं. मोबाईलवर रोज काय काय येतं, ते तुम्ही बघताच.

नोकरीत उपयोग होईल का, म्हणाल तर वकिली, पत्रकारिता, प्रशासन इथे नक्कीच. पण पंधराव्या वर्षी मला तो मुद्दा दुय्यम वाटतो. गणितात ती सिद्धता मागते ना? तशीच इथे प्रत्येक धड्याला ‘हे कशावरून?’ असं विचारू दे. विषय दहावीनंतर सुटला तरी हा प्रश्न सुटणार नाही.

या रविवारी एक करून बघा. शंभर वर्षांपूर्वीची तारीख घालून तिला एक खोटं पत्र लिहायला सांगा, तुम्हाला चूक सापडणार नाही असं. त्यासाठी ती स्वतःहून पुस्तक उघडेल. नंतर पत्र तुम्ही लिहा आणि चूक तिला शोधू द्या.