वारा वेगात धरायचा, वेळात नाही

प्रश्न: मुलगी दहावीला आहे. नुसती समीकरणं दिली की पटापट सोडवते, पण वाऱ्याच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने अशी शाब्दिक उदाहरणं आली की अडते. परवाचं उदाहरण असं होतं, विमानाला ७२०० किमी जाताना वारा समोरून, १० तास लागले, परत येताना तोच वारा पाठीमागून, ८ तास लागले, तर विमानाचा स्वतःचा वेग किती आणि वाऱ्याचा किती? तिने १० आणि ८ ची सरासरी ९ काढली, ७२०० ला ९ ने भागलं आणि ८०० लिहिलं. उत्तरसूचीत ८१० आहे. ती म्हणते, वारा जाताना जेवढा नडतो तेवढाच येताना मदत करतो ना, मग सरासरी का नाही चालत? मला सांगता आलं नाही.
– एक आई, नाशिक

उत्तर: ताई, तिला आधी सांगा की तिचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. वारा खरंच जेवढा नडतो तेवढीच मदत करतो, पण ती वेगात, वेळात नाही. सगळी गडबड इथेच होते.

वहीत तीन रकाने आखायला लावा, अंतर, वेग, वेळ, आणि खाली दोनच ओळी, जाताना आणि येताना. विमानाचा वेग क्ष, वाऱ्याचा य. जाताना वेग क्ष − य, येताना क्ष + य. आता बरीच मुलं लगेच १०(क्ष − य) = ७२०० लिहून कंस सोडवत बसतात आणि तिथे चुकतात, त्यापेक्षा आधीच भागून टाकायचं म्हणजे क्ष − य = ७२० आणि क्ष + य = ९०० एवढंच उरतं. बेरीज केली की २क्ष = १६२०, क्ष = ८१०, मग य = ९०. ताळा करायचा, ७२० गुणिले १० आणि ९०० गुणिले ८, दोन्हीकडे ७२०० येतात. तिला दाखवा, ७२० आणि ९०० ची सरासरी ८१० च आहे, म्हणजे सरासरी चालते, फक्त ती वेगांची काढायची.

आता वेळेचं बघा. वारा अजिबात नसता तर एका बाजूला ८ तास ५३ मिनिटं २० सेकंद लागली असती. जाताना १ तास ६ मिनिटं ४० सेकंद जास्त गेली आणि येताना वाचली फक्त ५३ मिनिटं २० सेकंद. कारण समोरचा वारा विमानाला १० तास अडवत होता आणि मागचा वारा ८ च तास ढकलत होता. अजून पटलं नाही तर विचारा, वाराच ८१० च्या वेगाने समोरून आला तर? विमान जमिनीवरून बघितलं तर जागच्या जागी, पोचणारच नाही, मग सरासरी कशाची काढणार!

हे पुस्तकातलंच आहे असं नाही बरं का. मुंबईहून लंडनला जाताना साधारणपणे जास्त वेळ लागतो आणि परत येताना कमी, कारण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. सीटसमोरच्या स्क्रीनवर ग्राउंड स्पीड दिसतो तो म्हणजे आपला क्ष − य किंवा क्ष + य. खरा वारा वाटेत बदलत राहतो, उदाहरणात तो सगळीकडे सारखा धरतात एवढाच फरक.

आणि एक, साडेसात तास म्हणजे ७.५, ७.३० नाही. ही चूक मला दर वर्षी वहीत सापडते आणि फार वाईट वाटतं कारण बाकी सगळं बरोबर असतं.

प्रश्न: नावेचा संथ पाण्यातला वेग ताशी १० किमी, २४ किमी जाऊन परत यायला एकूण ५ तास. प्रवाहाचा वेग २ आणि −२ अशी दोन उत्तरं आली. −२ का सोडायचं?
– एक विद्यार्थी, सांगली

उत्तर: वेग ऋण नसतो म्हणून सोडतो, पण ते −२ चुकून आलेलं नाही. उणे म्हणजे प्रवाह उलट्या बाजूने वाहतोय. तू जाऊन परत येणार आहेस ना, मग आधी प्रवाहाविरुद्ध काय किंवा आधी प्रवाहाबरोबर काय, ३ तास आणि २ तास मिळून ५ च होतात, समीकरणाला दोन्ही सारखेच. उत्तरात २ लिही, आणि पुढे एकक, ताशी किमी, विसरू नकोस.