गॅरेजातून : हिवाळ्यात गाडी खोलायची की चालवायची?

प्रश्न : माझ्याकडे चिंकारा कंपनीची रोडस्टर, म्हणजे उघडी दोन सीटची गाडी आहे. लोटस सेव्हनच्या वळणाची, फायबरची बॉडी, आणि अ‍ॅम्बॅसिडरमध्ये यायचं ते इसुझुचं १.८ लीटर पेट्रोल इंजिन. एका हौशी माणसाकडून घेतली. या हिवाळ्यात ती पूर्ण खोलावी असा विचार आहे. यादी अशी : मोठ्या ब्रेक डिस्क, दोन साइड-ड्राफ्ट (आडवे) कार्ब्युरेटर, सस्पेन्शनच्या सांध्यांत पॉलियुरेथेनचे बुश, अ‍ॅडजस्टेबल शॉक अ‍ॅब्सॉर्बर, हलक्या सीट, शिवाय रंगकाम. इंग्लंडमध्ये अशा गाड्यांचे मालक नोव्हेंबर ते मार्च हेच करतात असं वाचलंय. सुरुवात कुठून करू?
– नि. जो., सहकारनगर

उत्तर : तुमची गाडी अलिबागजवळ घडलेली आहे. आपल्याकडे अशा गाड्या फार थोड्या, त्यामुळे तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. यादीबद्दल पुढे बोलतोच, पण तुम्ही वेळापत्रक इंग्लंडचं घेतलंय. ते आधी बदला.

तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात आणि ते मीठ चासीच्या नळ्या खातं. डिसेंबरात चार वाजताच अंधारून येतं. त्यात सेव्हनच्या जातीच्या गाडीला धड छप्पर नाही. लोटसने ती १९५७ साली काढली, १९७३ पासून केटरहॅम बनवतं, आणि तिकडचे मालक हिवाळ्यात ती खोलून बसतात ते चालवता येत नाही म्हणून. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच या गाडीचा खरा मोसम. पहाटे हवा थंड, रस्ते कोरडे, पिरंगुटच्या पुढे मुळशीकडे रविवारी सकाळी सात वाजता रस्ता मोकळा मिळतो. एप्रिल-मेमध्ये तुमचे पाय आणि इंजिन दोन्ही भाजणार, जून ते सप्टेंबर गाडी झाकूनच ठेवायची. म्हणून सस्पेन्शन उतरवणं, इंजिन बाहेर काढणं, चासी उघडी करणं ही कामं पावसाळ्यावर टाका.

मात्र तुमच्या यादीतलं एक काम हिवाळ्याचंच आहे, आणि ते तुम्ही शेवटी लिहिलंय : रंग. फायबर आणि रंग, दोघांनाही दमट हवा चालत नाही. पावसाळ्यात लावलेलं रेझिन नीट धरत नाही, चिकट राहतं, आणि रंगावर पांढुरकी झाक येते. पुण्याची डिसेंबरची कोरडी हवा या कामाला उत्तम. फक्त पहाटेचा गारठा टाळा. पारा १५ अंशांच्या खाली असला की रेझिन फार सावकाश धरतं, आणि मग कारागीर हार्डनर वाढवून घाई करतो. तसं करू देऊ नका. सकाळी अकरा ते दुपारी चार, एवढ्याच वेळात लेअर टाकायला सांगा.

मडगार्डच्या बोल्टांभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील. त्यांवर नुसती पुट्टी भरून रंग मारला तर घाटातल्या पहिल्याच फेरीत त्या परत दिसतील. पॅनल काढा, आतल्या बाजूने खरवडा, काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचे थर आतूनच द्या, आणि बसवताना बोल्टाखाली मोठा वॉशर आणि रबर घाला. चीर पडते ती सगळा भार एका भोकाभोवती येतो म्हणून. रंग बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या.

आता पावसाने काय केलंय ते बघा. गाडी झाकलेली होती म्हणून ती कोरडी होती असं धरू नका. पहिलं ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की मानकाप्रमाणे उकळण्याचा हा आकडा १५५ अंशांपर्यंत उतरलेला चालतो. ताम्हिणी घाट उतरताना ब्रेक तापले आणि ऑइलमध्ये वाफ झाली की पेडल सरळ फ्लोअरला लागतं. दसरा-दिवाळीच्या सुमारास जुनं ऑइल पूर्ण काढून नवं भरा आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं ऑइल मात्र यात कधी मिसळू नका, डॉट ५.१ चालेल. या कामाला पैसे थोडे लागतात, आणि तुमच्या यादीतल्या कुठल्याही भागापेक्षा मी त्याला वर ठेवतो.

दुसरं चासी. खालच्या नळ्यांत पाणी साचतं. पावडर कोटिंग वरून चकचकीत दिसतं आणि आत गंज पसरतो, म्हणून नुसतं बघू नका, छोट्या हातोडीने सांध्याजवळ ठोका. चांगल्या नळीचा भरीव आवाज आणि गंजलेल्या नळीचा भद्द आवाज यातला फरक कानाला लगेच कळतो. कोटिंग फुगलंय तिथे खरवडून प्रायमर द्या. तिसरं वायरिंग. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याला, पंपाला, पंख्याला चासीपर्यंत स्वतःची अर्थ वायर लागते. भोसरीत आमच्या वर्कशॉपमध्ये फायबर बॉडीची गाडी ‘इलेक्ट्रिकचा त्रास’ म्हणून आली की मी मल्टिमीटर आधी अर्थलाच लावायचो, आणि बहुतेक वेळा पुढे शोधावं लागायचं नाही. अर्थचे सगळे बोल्ट काढा, धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट करा, वरून ग्रीस लावा. थंडीत उंदीर ऊब शोधत इंजिनात येतात, तेव्हा वायर कुरतडल्यात का तेही त्याच वेळी बघा.

आता यादी.

मोठ्या ब्रेक डिस्क नकोत. चाकं लॉक होईपर्यंत तुमचे आताचे ब्रेक दाबतात का? दाबत असतील तर गाडी थांबण्याची मर्यादा टायर ठरवतो, डिस्क नाही. मोठी डिस्क उष्णता जास्त झेलते, पण हलक्या गाडीत तेवढी उष्णताच तयार होत नाही, आणि चाकाजवळचं वजन मात्र वाढतं. त्या वजनाचा धक्का खड्ड्यात थेट स्टिअरिंगला जाणवतो. चांगले पॅड घाला आणि घाट उतरताना गिअर खाली घ्या.

डिस्कचे पैसे टायरला द्या. टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३वा आठवडा. हौशी गाड्या कमी चालतात, टायर घासत नाहीत, नक्षी नवी दिसते आणि रबर कडक झालेलं असतं. सहा वर्षांपुढचे टायर मी या गाडीवर ठेवणार नाही, कितीही सुंदर दिसोत. हवेचंही तसंच. पंपावरचा मुलगा सवयीने ३२-३३ पीएसआय भरतो. एवढ्या हलक्या गाडीला ते फार होतं, टायर मधल्याच पट्ट्यावर चालतो. कंपनीचा आकडा हाताशी असेल तर तो घ्या, नसेल तर २२ पासून सुरू करा. टायरवर आडवी खडूची रेघ मारा, थोडं चालवा, रेघ मधूनच पुसली तर हवा जास्त आहे आणि कडांना पुसली तर कमी. पुण्याच्या हिवाळ्यात पहाटे १२ अंश आणि दुपारी ३० असा फरक असतो. एवढ्याने दाब जवळपास २ पीएसआयने बदलतो, म्हणून मोजमाप रोज एकाच वेळी आणि टायर थंड असताना घ्या.

शॉक अ‍ॅब्सॉर्बरला माझी हरकत नाही, पण ते घेण्याआधी गाडीचं वजन करा. हे काम मला सगळ्यांत आवडतं. ट्रकच्या वजनकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवा, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. दोन अ‍ॅक्सलचे आकडे मिळतील. त्याहून चांगलं करायचं तर मार्केट यार्डातले व्यापारी पोती मोजायला वापरतात तसे चार प्लॅटफॉर्म काटे भाड्याने आणा. लेव्हल लावून ते एका पातळीत ठेवा, टाकी अर्धी भरा, आणि सीटवर तुमच्या वजनाइतका तांदूळ ठेवा. मग पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक यांची बेरीज एकूण वजनाच्या निम्म्याच्या आसपास यायला हवी. येत नसेल तर गाडी एका वळणाला चांगली वागते आणि दुसऱ्याला वाईट, आणि कितीही महाग शॉक लावला तरी ते जात नाही. स्प्रिंगची बैठक वरखाली करता येईल असे शॉक घ्या आणि काट्यावर उभ्या गाडीतच ते जुळवा. त्यानंतर अलाइनमेंट. हा क्रम उलटा केला तर अलाइनमेंट पुन्हा करावं लागेल.

पॉलियुरेथेनचे बुश पावसाळ्यात, सस्पेन्शन उतरेल तेव्हा. हलक्या सीट जरूर, पण सीटचा आणि बेल्टचा बोल्ट चासीच्या नळीलाच हवा. फायबरच्या फ्लोअरला वॉशर लावून केलेलं काम दिसलं तर गाडी तिथेच थांबवा, ते दुरुस्त होईपर्यंत चालवू नका.

कार्ब्युरेटर सगळ्यांत शेवटी. त्याआधी पेट्रोलचे पाइप बघा. आता पंपांवर बहुतेक ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. त्यातलं इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं, चिरवतं. इथेनॉल चालेल असे पाइप टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत बदला. ई२० वर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि कार्ब्युरेटरला इंजेक्शनच्या गाडीसारखं ते स्वतःहून सुधारता येत नाही, म्हणून आहे त्याच कार्ब्युरेटरचं जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. दोन साइड-ड्राफ्ट लावून त्यांचं ट्यूनिंग जमवण्यात अख्खा मोसम जाईल. या मोसमात गाडी चालवा, डॅशबोर्डजवळ वही ठेवा, आणि जे खटकेल ते त्याच दिवशी लिहा. जूनमध्ये काय खोलायचं ते त्या वहीतून ठरेल.

एप्रिल येण्याआधी एक काम उरकून घ्या : रेडिएटर. पुढून आलेली हवा त्याच्या बाजूने निसटत असेल तर पत्र्याने फटी बुजवा, म्हणजे ती जाळीतूनच जाईल. पंख्याचा स्विच वेळेवर लागतो का बघा, कॅपचं रबर तपासा. पुण्यात कुलंट गोठण्याचा प्रश्न नाही, पण आतला गंज तेच रोखतं, म्हणून नुसतं पाणी भरू नका.

प्रश्न : माझा मुलगा कोव्हेंट्रीला नोकरी करतो. त्याने किटमधून स्वतः जोडलेली दोन सीटची गाडी आहे. दर हिवाळ्यात रोज रात्री तो थंडगार गॅरेजमध्ये तिच्यापाशी बसतो. हे खरंच एवढं जरुरीचं असतं का? आणि नाताळात तो येणार आहे, परत जाताना त्याला उपयोगी पडेल असं काय देऊ?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, जरुरीचं असतं. वर लिहिल्याप्रमाणे तिकडे रस्त्यावर मीठ असतं, म्हणून बरेच जण अशी गाडी हिवाळ्यात रस्त्यावरून काढून घेतात. सरकारला तसं रीतसर कळवलं की तेवढ्या काळाचा रोड टॅक्सही लागत नाही. स्वतः जोडलेल्या गाडीला तिथे रस्त्यावर यायच्या आधी स्वतंत्र तपासणी द्यावी लागते. दिव्यांच्या उंचीपासून बॉडीच्या धारदार कडांपर्यंत सगळं बघतात. मुलाने ती पार केली आहे, म्हणजे त्याचा हात चांगला आहे. प्रत्येक नट कुणी आवळला हे ज्याला माहीत असतं, त्याला तो परत तपासल्याशिवाय झोप लागत नाही. मला तरी लागत नसे.

देण्याचं म्हणाल तर हत्यारं त्याच्याकडे असतीलच, आणि ती वजनाला जड. त्याला गॅरेजात घालायला बोटं मोकळी राहतील असे लोकरीचे हातमोजे विणून द्या. थंडीत उघड्या हाताने स्टीलचा पाना धरवत नाही आणि जाड मोज्याने बारीक नट धरता येत नाही. आणि बॅटरीला सोडून ठेवायचा छोटा मेंटेनन्स चार्जर त्याच्याकडे आहे का एवढं विचारा. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी त्याच्यावाचून जाते. नसेल तर तिकडेच घ्यायला सांगा, प्लग वेगळा असतो.

प्रश्न : काका, आमची कॉलेजची टीम फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेस-गाडी स्पर्धेसाठी गाडी बनवते. स्पर्धा जानेवारीत आहे. आताशी गाडी चालायला लागली. डिसेंबरात नवीन इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) आणि हलके कार्बन फायबरचे पॅनल बसवावेत असं अर्ध्या टीमचं म्हणणं आहे. काय करू?
– टीम कॅप्टन, शिवाजीनगर

उत्तर : बसवू नका. हलकी गाडी मलाही प्रिय आहे, पण तुमच्याकडे आता उरलाय तो वेळ गाडी पळवण्यात घाला. एन्ड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या फेरीत, गाडी बंद पडली की हलक्या पॅनलने वाचवलेले सेकंद कामाला येत नाहीत. कोरड्या मोकळ्या मैदानावर कोन मांडा, ड्रायव्हर बदलण्याचा सराव करा, दर वेळी गाडी थांबली की एकाने हबचे नट, सस्पेन्शनचे गोळीचे सांधे (रोज जॉइंट) आणि चेन बघायची, दुसऱ्याने तेल आणि पाण्याची गळती. आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगीत पेनाने रेघ मारा, म्हणजे तो फिरला तर लांबूनही दिसेल. डिसेंबरात जे तुटेल त्याचा सुटा भाग जास्तीचा करून ठेवा. भोसरीतली वर्कशॉपं तुमच्यासारख्या मुलांना मदत करतात, पण ड्रॉइंग नीट घेऊन जा आणि शनिवारी संध्याकाळी जाऊ नका. इनटेक पुढच्या गाडीला करा आणि त्याचं मोजमाप आजपासून लिहून ठेवा.

प्रश्न : हौसेची जुनी गाडी जास्त चालवत नाही. आठवड्यातून एकदा पाच मिनिटं जागेवरच स्टार्ट करून ठेवतो. पुरेसं आहे ना?
– व. कु., औंध

उत्तर : नाही, त्याने नुकसान होतं. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. जळणातून निघालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं, आणि स्टार्टरने बॅटरीतलं जेवढं खाल्लं तेवढं परत भरतही नाही. पंधरवड्यातून एकदा का होईना, अर्धा-पाऊण तास बाहेर काढा, पाषाणमार्गे सूसच्या पुढे जाऊन या. तेवढं जमत नसेल तर अजिबात स्टार्ट करू नका. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, टायरमध्ये थोडी हवा जास्त भरा, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावा, आणि हँडब्रेक सोडून ठेवा.