पुण्यात घडणाऱ्या, नवरा-बायकोतल्या गुपितांवरच्या थरारकादंबरीत रहस्य कसं रचावं? खून असायलाच हवा का?

कोथरूडमधलं जोडपं, बारा वर्षांचा संसार, एक मुलगी, आणि बायकोला पत्ता नसलेलं नवऱ्याचं काहीतरी, एवढं तुमच्याकडे आहे. ते फुटावं कसं आणि त्यात खून हवाच का, असं तुम्ही विचारलंय. मी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते आणि या प्रकारच्या कादंबऱ्या हाताला लागतील तितक्या वाचते, तेव्हा दोन्ही बाजूंनी सांगते.

खुनावाचून काही अडत नाही. गुपित मात्र पैशाचं ठेवा. प्रेमप्रकरण असेल तर फोन हाती लागतो, मेसेज दिसतो आणि भांडण सुरू होतं. पुढे शोधायला काही उरत नाही. शिवाय २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचाराचं कलम रद्द केलं. आता त्यावरून घटस्फोट मागता येतो, पण पोलीस दारात येत नाहीत. पैशाच्या गुपिताला कागद लागतो, कागदाला सही लागते, आणि ती कुणाची, कुणी घेतली, यावर अख्खी कादंबरी उभी राहते.

कोथरूड निवडलंत हे फार बरं केलंत. तिथे जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात आहे, आणि पुनर्विकास निघाला की घरोघरच्या कपाटांतून फायली बाहेर येतात. फ्लॅट गहाण असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणावं लागतं, म्हणून सोसायटी प्रत्येकाला कर्जाचं विचारते. तुमची नायिका सभेत सहज सांगते, "आमचं कर्ज केव्हाच फिटलं." सेक्रेटरी काका रजिस्टर चाळतात. "वहिनी, तुमच्या फ्लॅटवर बोजा दिसतोय हो. दोन वर्षं झाली त्याला." आठ-दहा माणसं बसलेली आहेत, शेजारच्या काकू वळून बघतायत. इथे तिला रडवू नका, ओरडायला लावू नका. ती हसून म्हणू दे, "अगंबाई, हो की, विसरलेच मी." चारचौघांत तिने नवऱ्याचं खोटं झाकलं, ते काय आहे हे कळायच्या आतच. माझ्या मते तुमची कादंबरी इथे सुरू होते.

आता सहीकडे या. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल तर तिच्या सहीशिवाय तो गहाण पडत नाही. तिला वाटेल, खोटी सही केली. वाचकालाही तेच वाटू दे. मग बँकेतून कागदांच्या प्रती येतात आणि सही तिचीच निघते. मुलीच्या शाळाप्रवेशाची धांदल होती, डायनिंग टेबलावर कागदांचा गठ्ठा होता, पेन्सिलीने बारीक फुल्या मारलेल्या होत्या, आणि तो म्हणत होता, "इथे, इथे, आणि मागच्या पानावर." तिने कुकरच्या शिट्ट्या मोजत सह्या केल्या. माझ्यासमोर बसून हेच सांगणाऱ्या बायका मी इतक्या पाहिल्या आहेत की हा प्रसंग लिहिताना तुम्ही जरासुद्धा भडक होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. तिथे खलनायकी हसू नको. तो त्या वेळी तिला चहा करून देत असेल, तर जास्त अंगावर येईल.

गुपित सांभाळायला रोज मेहनत लागते, ती दाखवा. समजा, त्याची नोकरी गेली आहे आणि तरीही तो रोज सकाळी हिंजवडीला म्हणून निघतो. वर्षानुवर्षं त्याचा डबा खरकटा परत यायचा, आमटीचा ओघळ झाकणावर वाळलेला. हल्ली तो स्वच्छ घासून येतो, पोळीच्या कप्प्यातसुद्धा पाण्याचा थेंब नाही. भांडी घासणाऱ्या मावशींना हे आधी कळेल, आणि त्या सहज बोलून जातील. कोण घासतंय हा डबा? तो दिवसभर कुठे असतो? वाचक पान उलटणारच.

बायकोलाही काहीतरी लपवायला द्या, नाहीतर ती बिचारी होऊन बसेल. लॉकरचा चांगला उपयोग होईल. २०२२ पासून लॉकर उघडला की बँकेने त्याच दिवशी खातेदाराला मेसेज पाठवायचा असतो. नंबर नवऱ्याचा नोंदवलेला असेल तर आपण दागिने हलवले हे त्याला कळलंय, हे तिला ठाऊक असेल. आणि तो मात्र जेवताना त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. दोघांनाही माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही, असं एक जेवण सावकाश लिहा.

निवेदन प्रथमपुरुषी असेल तर एक पथ्य पाळा. निवेदक इतर पात्रांशी खुशाल खोटं बोलो, पण तिने डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट वाचकापासून दडवून शेवटी काढू नका. वाचक चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्त असतं.

कायद्याचा भाग थोडक्यात. नवरा-बायकोने एकमेकांचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलंय. त्यामुळे तुमच्या दोन्ही पात्रांना फोनची भीती वाटायला हवी. आणि कौटुंबिक न्यायालयात सिनेमासारखी उलटतपासणी पहिल्याच दिवशी होत नसते. आधी समेटाचा प्रयत्न होतो, समुपदेशकाकडे पाठवतात. लहानशी खोली, टेबलापलीकडे एक परकी व्यक्ती, आणि अलीकडे ही दोघं शेजारी शेजारी. मोठा उलगडा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात करण्यापेक्षा तिथे करा, आणि तो नवऱ्याच्या तोंडून येऊ द्या.