जुना बीबीसी मायक्रो (१९८० च्या दशकातला ब्रिटिश कॉम्प्युटर) आताच्या मॉनिटरला किंवा टीव्हीला कसा जोडायचा? 'नो सिग्नल' येतंय म्हणजे मशीन गेलं का?

नाही, गेलं नाही. निदान स्क्रीनवर 'नो सिग्नल' आलं एवढ्यावरून तरी तसं म्हणता येत नाही. हेच वाक्य मी आमच्या शाळेत घसा कोरडा होईपर्यंत बोललो होतो, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही. तुम्ही लिहिलंय की काकांच्या माळ्यावर बीबीसी मायक्रो सापडला, मागच्या गोल आरजीबी (लाल-हिरवा-निळा वेगवेगळा पाठवणाऱ्या) सॉकेटपासून मॉनिटरच्या व्हीजीए सॉकेटपर्यंत केबल बनवून घेतली, मॉनिटर काळाच राहिला आणि दुकानदार म्हणाला भंगारात द्या. त्या दुकानदाराचं मुळीच ऐकू नका.

१९८४ साली केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात देशभरातल्या अडीचशेच्या आसपास शाळांना ही मशीन्स मिळाली. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने हेच मशीन 'युनिकॉर्न' नावाने काढलं. मी तेव्हा गणित शिकवायचो, ट्रेनिंगला मलाच पाठवलं. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जायचं, एका मशीनपाशी चार-पाच पोरं, एकाने टाईप करायचं आणि बाकीच्यांनी मागून ओरडायचं. ३२ के मेमरी, त्यात आठवीच्या पोरांनी बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेत पाढे, कोन, वर्तुळं, सगळं काढलं. त्यातली काही पोरं आज कुठे कुठे मोठ्या जागांवर आहेत, आणि पहिला प्रोग्राम कुठे लिहिला हे त्यांना नीट आठवतं.

मी रिटायर झाल्यावर शाळेत डिजिटल क्लासरूम आली आणि डेड स्टॉक रजिस्टरमधल्या जुन्या वस्तूंचं निर्लेखन करायचं, म्हणजे ती यादीतून काढून टाकायची ठरलं. रजिस्टरवर सही माझी, म्हणून मला बोलावलं. जाऊन बघतो तर नव्या लॅबचं काम करणाऱ्या पोराने एक मशीन हेडसरांच्या केबिनमधल्या एलईडी टीव्हीला, तुमच्यासारखीच केबल करून, टीव्हीच्या व्हीजीए सॉकेटला लावलेलं, टीव्हीवर 'नो सिग्नल', आणि यादीत सगळ्या मशीनपुढे 'नादुरुस्त' असा शेरा लिहूनसुद्धा झालेला. तपासलं होतं फक्त एक. मी पॉवर बंद करून परत चालू केली. आधी जाड आवाज आणि लगेच बारीक बीप, जसा पहिल्या दिवशी यायचा तसाच. कॅप्स लॉक दाबला, दिवा विझला, परत दाबला, लागला. म्हटलं, अरे प्रोसेसर चालतोय, रॉम (आतली कायमची मेमरी) वाचली जातेय, कीबोर्ड चालतोय, मग नादुरुस्त काय? तो म्हणाला, "सर, स्क्रीनवर काही येत नाही म्हणजे बंदच ना." आणि समितीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

मुद्दा इथेच आहे आणि तुमचंही नेमकं तेच झालंय. हे मशीन चित्राच्या ओळी सेकंदाला १५,६२५ या वेगाने पाठवतं, म्हणजे पाल या आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या हिशोबाने. व्हीजीएची सुरुवातच साडेएकतीस हजारांपासून होते. केबलने पिना जुळतात, वेग बदलत नाही. मॉनिटरला ते चित्र ओळखताच येत नाही म्हणून तो काळा राहतो. दोष मशीनचा नाही, केबलचाही नाही, दोन्हीच्या मध्ये वेग बदलणारं काहीतरी पाहिजे.

मी शिपाईमामांना सांगून सभागृहातला जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही आणवला, मशीनच्या मागे 'व्हिडिओ आउट' म्हणून जे बीएनसी (फिरवून अडकवायचं गोल) सॉकेट असतं त्याला साधा बीएनसी-टू-आरसीए अडॅप्टर लावला, पिवळी केबल टीव्हीच्या एव्ही सॉकेटमध्ये घातली, आणि 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक', त्याखाली बाणासारखं चिन्ह, सगळं जागच्या जागी. हेडसरांनी पाहिलं, छान म्हणाले, आणि म्हणाले की यादी वर गेलीय, आता बदलता येणार नाही. किलोच्या भावाने गेली ती मशीन्स. एक मी लिलावात पैसे भरून घरी आणलं, ते अजून चालू आहे. शाळेतलं कोणी हे वाचत असेल तर 'नादुरुस्त' लिहिण्याआधी ज्या स्क्रीनसाठी ती वस्तू बनली त्या स्क्रीनला एकदा लावून बघा, आणि प्रत्येक नग वेगळा तपासा. एवढं न करता शेरा मारणं हे कामचुकारपणाचं आहे, मग समितीत कोणीही बसलेलं असो.

असो, तुमचं. तुम्हीही आधी तेच बीएनसी वापरा, टीव्हीच्या एव्ही सॉकेटला हा जुना वेग ओळखता येतो. हल्लीच्या बऱ्याच टीव्हींना पिवळं सॉकेट नसतं, हेडफोनसारखं एक छोटं भोक असतं आणि त्याला तीन शेपट्यांची केबल लागते. त्या केबलींमध्ये पिनांचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो, त्यामुळे पिवळ्यावर चित्र नाही आलं तर पांढऱ्यावर आणि लालवर लावून बघा. चित्र ब्लॅक अँड व्हाइट येईल, घाबरू नका, हे मॉडेल त्या सॉकेटमधून मुळात तसंच देतं. आत बोर्डावर एस३९ नावाची लिंक (दोन टोकं जोडायची जागा) जोडली की रंग येतो, पण माझं मत विचाराल तर जोडू नका, ८० कॉलमची अक्षरं ब्लॅक अँड व्हाइटमध्येच स्वच्छ दिसतात, रंग आला की कडा बरबटतात. चित्र थरथरत असेल तर '*TV 0,1' टाईप करून मग मोड, म्हणजे स्क्रीनची मांडणी, बदला, इंटरलेस (एकाआड एक ओळी दाखवणं) बंद होतो. काही टीव्ही मात्र इंटरलेस बंद केला की सिग्नलच सोडून देतात, तसं झालं तर परत '*TV 0,0'.

एचडीएमआयच पाहिजे असेल तर दोन रस्ते. बाजारातला स्वस्त एव्ही-टू-एचडीएमआय डबा चालतो, पण त्यातले बरेच ५० चं ६० हर्ट्झ (सेकंदाला ५० चित्रांची ६०) करतात आणि हलणारं चित्र अडखळतं. मशीन जिवंत आहे का एवढं बघायला ठीक. खरं काम करायचं असेल तर 'आरजीबी-टू-एचडीएमआय' नावाचा ओपन सोर्स प्रकार बघा, रास्पबेरी पाय झीरो या चिमुकल्या कॉम्प्युटरवर एक छोटा बोर्ड बसतो. मुळात तो बीबीसी मायक्रोसाठीच बनला होता, त्यामुळे मागच्या त्याच सहा पिनांच्या गोल सॉकेटमधला डिजिटल आरजीबी तो पिक्सेल-पिक्सेल उचलतो. मोड ७ ची (चालू केल्यावर येणाऱ्या स्क्रीनची) टेलिटेक्स्टसारखी अक्षरंसुद्धा एकदम धारदार येतात. तुमची बनवलेली व्हीजीए केबल मात्र काढून ठेवा, त्या सॉकेटमध्ये एका पिनेवर पाच व्होल्ट असतात, चुकून कुठे शॉर्ट झालं तर विनाकारण नुकसान.

कॅसेटवरून प्रोग्राम कसे चढवायचे तेही तुम्ही विचारलंय, ते इथे लिहीत बसलो तर लांबेल, वेगळा प्रश्न टाका.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: माळ्यावरून काढलेलं मशीन असंच प्लगला लावून तासभर ठेवू नका. पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या बाजूला पारदर्शक पिवळट वेष्टनाचे रिफा कंपनीचे कपॅसिटर असतात, वयाने त्यांना तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि चालू केल्यावर काही वेळाने फट्‌ आवाज होऊन खोलीभर घाण वासाचा धूर होतो. मशीन बहुतेक वेळा वाचतं, पण बघणारा म्हणतो जळालं. तुम्ही स्वतः उघडू नका, आत मेन्सचा करंट साठून राहतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जुना माणूस शोधा आणि एक्स२ (मेन्सवर लावायचा सुरक्षित प्रकार) लिहिलेलेच कपॅसिटर घालायला सांगा, साधे चालणार नाहीत. आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा कान देऊन ऐका. जाड आवाजानंतर बीप आला तर मशीन ठीक आहे, उरलेलं काम टीव्हीचं. जाड आवाज थांबतच नसेल तर तो वेगळा आजार, तेव्हा फोटो टाकून विचारा.