डिसेंबरातली चित्रपुस्तकं: निघण्याआधी काय घ्यायचं, काय नाही

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. वहिनींना इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी लागली, नोव्हेंबरात निघायचं आहे, मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याजवळच्या गावातून थेट तिकडे. पोरीला वऱ्हाडीशिवाय काही येत नाही आणि गेल्या गेल्या शाळेत ख्रिसमस सुरू होणार. म्हणून नागपुरातून ख्रिसमसची इंग्रजी चित्रपुस्तकं घेऊन जावी का, कोणती घ्यावी, आणि आबांना हे पटत नाही त्याचं काय करावं, असं तुम्ही विचारलं. मीपण बायकोच्या नोकरीमागे इकडे आलेला माणूस, दिग्रसकडचा. ती ड्यूटीवर असली की लेकरांना वाचून दाखवायचं खातं माझ्याकडे असते, म्हणून जरा पसरटच लिहितो.

ख्रिसमसची पुस्तकं नागपुरातून अजिबात घेऊ नका. बॅगेतल्या एकेका किलोला तेव्हा भाव येतो. आईनं दिलेलं तिखट, जवसाची चटणी, तुरीची डाळ यांच्यात जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकांना जागा देणं परवडत नाही. इथे बऱ्याच गावांत कौन्सिलची, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेची, लायब्ररी आहे. १९६४ च्या कायद्यानं ती चालवणं कौन्सिलवर बंधनकारक आहे, सभासद व्हायला पैसे लागत नाहीत आणि लहान मुलांनापण स्वतःच्या नावाचं कार्ड मिळते. एका वेळी पिशवीभर पुस्तकं आणता येतात. नवं चित्रपुस्तक दुकानात साधारण सात-आठ पौंडांना पडते. तेच चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे लोकांनी दान दिलेल्या वस्तूंच्या दुकानात, एखाद्या पौंडात मिळून जाते. तिथे जानेवारीत गेलं तर ख्रिसमसच्या पुस्तकांचा ढीगच असतो, पुढच्या वर्षासाठी तेव्हाच उचलून ठेवायची.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. लायब्ररीतली ख्रिसमसची पुस्तकं वर्षभर बाहेर नसतात. नोव्हेंबरात ती वेगळ्या मांडणीवर येतात आणि डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यात चांगली चांगली उचलल्या जातात. तुम्ही नोव्हेंबरात पोचणार, तर घराचा पत्ता हाती आला की पहिल्या आठवड्यातच कार्ड काढा आणि पाहिजे ती पुस्तकं रिझर्व्ह करून टाका. बँकेचं खातं उघडायला वेळ लागते, हे एका चकरेत होते.

आता कोणती. पोरीला इंग्रजी येत नाही, तर सुरुवात बिनशब्दांच्या पुस्तकापासून करा. रेमंड ब्रिग्जचं ‘द स्नोमॅन’ १९७८ चं आहे, त्यात एक अक्षर नाही. एक पोरगा बर्फाचा माणूस करतो, रात्री तो माणूस जिवंत होतो, दोघं घरभर हिंडतात, मग आभाळात उडतात. चित्रं लहान लहान चौकटींत आहेत, एकेका पानावर बराच वेळ थांबता येते. तुम्ही वऱ्हाडीत सांगा, ती वऱ्हाडीत विचारेल, कोणाचं काही अडत नाही. शेवटी सकाळी बर्फ वितळून गेलेला असतो आणि नुसती टोपी अन् मफलर उरते, तिथे लेकरू हिरमुसते, त्याची तयारी ठेवा. खरं म्हणजे या पुस्तकात ख्रिसमस नाहीच. १९८२ मध्ये त्यावर टीव्हीसाठी फिल्म आली, तिच्यात सांताक्लॉजला आणलं. फिल्म दर डिसेंबरात टीव्हीवर लागते, शाळेतल्या सगळ्या पोट्ट्यांना ती माहीत असते, म्हणून तुमच्या पोरीलापण माहीत असलेली बरी.

याच माणसाचं ‘फादर ख्रिसमस’ नावाचं १९७३ चं पुस्तक आहे, ते मला स्वतःला जास्त आवडते. त्यातला सांता गोड हसणारा नाही. थंडीत उठायचा कंटाळा आलेला, पावसाला-बर्फाला शिव्या घालणारा म्हातारा आहे. उठतो, चहा टाकतो, जनावरांना चारा घालतो आणि कुरकुरत कामाला निघतो. रब्बीच्या दिवसांत हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री निघालेल्या आपल्या कास्तकारासारखा. माझी पोरगी त्याला सरळ ‘बुढा’ म्हणते. “बुढा आज काऊन चिडला?” हा आमच्या घरातला डिसेंबराचा प्रश्न आहे.

दीड वर्षाच्या पोरासाठी झडप उचलायची पुस्तकं पाहा. रॉड कॅम्पबेलचं ‘डिअर सांता’ त्यातलं आहे: प्रत्येक पानावर एक भेटवस्तू झाकलेली, झाकण उचलायचं आणि आत काय ते पाहायचं. वाक्यं तीच तीच येतात, त्यामुळे मोठी पोरगीपण चार दिवसांत सोबत म्हणायला लागते. झडपा फाटतात. लायब्ररीची प्रत फाटली तर परत करताना तसं सांगून टाका.

इंग्रजी कानावर पडायला यमकाचं एखादं पाहिजे. ‘स्टिक मॅन’ घ्या, ज्युलिया डोनाल्डसनचं, २००८ चं. एका काडीच्या माणसाला कुत्रा उचलून नेतो, मग एकामागून एक जण त्याला कशाकशासाठी वापरतात, शेवटी तो चुलाण्यात जळायच्या बेतात असतो आणि धुराड्यात सांता अडकलेला सापडतो. घर सोडून भरकटलेला बाप परत घरी पोचतो, अशी ती गोष्ट आहे. पहिल्या डिसेंबरात ती मोठ्यानं वाचताना बापाचाच आवाज बसू शकते, एवढं सांगून ठेवतो.

लोक तुम्हाला ‘द जॉली ख्रिसमस पोस्टमन’ही सुचवतील. पुस्तक सुंदर आहे, पानांत खरीखुरी पाकिटं, पाकिटांत पत्रं आणि खेळ. पण ती पत्रं जातात इंग्रजी बडबडगीतांतल्या अन् परीकथांतल्या मंडळींना. ती मंडळी ओळखीची नसली तर गंमत कळत नाही. शिवाय लायब्ररीच्या प्रतीतली दोन-चार पत्रं कोणीतरी हरवलेली असतात. ते दुसऱ्या वर्षी.

आता शाळेचं. पोरगी ‘रिसेप्शन’ नावाच्या, शाळेच्या अगदी पहिल्या वर्गात जाईल. तिथे डिसेंबरात बहुतेक शाळांत येशूच्या जन्माचं छोटं नाटक बसवतात, नेटिव्हिटी म्हणतात त्याला. आई-बाप मोबाइल घेऊन बसतात, कोणी मेंढी होते, कोणी देवदूत, कोणी मेंढपाळ. नव्या, न बोलणाऱ्या लेकराला बहुतेक मेंढी नाहीतर मेंढपाळ करतात, कारण बोलायचं नसते. म्हणून ही गोष्ट सांगणारं एक साधं पुस्तक नोव्हेंबरातच वाचून टाका. कोणतंही चालते, लायब्ररीत रांगेनं असतात. घेताना इतकंच पाहा की चित्रं मोठी असावी आणि एका पानावर दोन-तीन ओळींपेक्षा जास्त मजकूर नसावा.

आणि इथे आपल्या लेकरांचा हात वर असतो, हे मी मजेनं पाहिलं. इंग्लंडातल्या शहरातल्या पोराला गोठा माहीत नाही, गव्हाण माहीत नाही. तुमची पोरगी गव्हाणीत कडबा टाकून आलेली असेल. बाळ गव्हाणीत निजवलं म्हटल्यावर तिला चित्र समजावून सांगावं लागत नाही, उलट ती विचारते, मग बैलांनी कुठे खाल्लं? रानात मेंढ्या राखत बसलेले लोक म्हटलं की तिला उलंगवाडी झालेल्या, म्हणजे पीक निघालेल्या वावरात मेंढ्या बसवणारे धनगर आठवतील. सांताची गाडी ओढणारं रेनडिअर नावाचं हरीण दाखवलं तर ती म्हणेल, “हे रोही हाये का?” रोही म्हणजे आपली नीलगाय. म्हणू द्या. शिंगं दोघांनाही आहेत. धुराडं मात्र समजावून सांगावं लागते, कारण आपल्याकडे धूर कौलातून नाहीतर दारातून जातो आणि त्यातून कोणी भेटवस्तू आणत नाही.

मेंढपाळाच्या पोशाखात इथे पोरांच्या डोक्याला भांडी पुसायचं फडकं बांधतात, खरंच. तुम्ही आबांचा एक जुना दुपट्टा बॅगेत टाका. वजन काही नाही आणि सगळ्या मेंढपाळांत तुमचाच खरा दिसेल.

आबांचं. त्यांची काळजी अशी की नात घरचं सोडून तिकडचं धरेल. त्यांना आधी हे सांगा की या पुस्तकांत दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, येशूची आणि सांताची, आणि दुसरीचा धर्माशी संबंध फार पातळ आहे. मुळात चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा निकोलस नावाचा बिशप. त्याच्यावरून निघालेल्या कल्पनेला १८२३ मध्ये अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्रात छापलेल्या कवितेनं आठ रेनडिअरांची गाडी दिली. लाल नाकाचं नववं रेनडिअर तर १९३९ मध्ये शिकागोच्या एका दुकान कंपनीनं गिऱ्हाइकांना फुकट वाटायच्या पुस्तकासाठी तयार करून घेतलं. म्हणजे तेपण एका चित्रपुस्तकातूनच जन्मलं, आणि तेही जाहिरातीच्या.

येशूच्या गोष्टीबद्दल आबांशी वाद घालू नका. आपल्या यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचं कॉलेज, १९५३ पासून १९८३ पर्यंत होती, नंतर ती पुण्याला गेली. नाताळ काही जिल्ह्याला परका नाही. आबा तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातले असतील, सामुदायिक प्रार्थनेला बसणारे असतील, तर त्यांना सर्वधर्म म्हणजे काय ते तुम्ही-मी सांगायचं कामच नाही. तरी तुम्हाला स्वतःला नको वाटलं, तर इंग्लंडात शाळेतल्या धार्मिक प्रार्थनेतून आणि धर्मशिक्षणाच्या तासातून आपलं लेकरू वगळून घ्यायचा हक्क आई-बापाला कायद्यानं आहे, कारणही द्यावं लागत नाही. माझं मत विचाराल तर तो वापरू नका. सगळा वर्ग मेंढ्या होऊन स्टेजवर आणि आपली पोरगी एकटी दुसऱ्या खोलीत, हे साडेचार वर्षांच्या जिवाला समजत नाही.

सांता खरा आहे का, हा प्रश्न घरात येईलच. तुम्ही घरी काय सांगायचं ते ठरवा, पण पोरीला एवढं शिकवून ठेवा की वर्गात कोणाला ‘तो खोटा आहे’ म्हणायचं नाही. यावरून इथे शाळेच्या फाटकापाशी आया नाराज होतात. आणि पुस्तकातला भेटवस्तूंचा डोंगर पाहून ती तेवढीच अपेक्षा धरेल, तेही आधीच बोलून ठेवा. एक वस्तू सांताची, ती लहान; मोठी वस्तू आई-बाबांनी दिली म्हणायचं. नाहीतर शेजारच्या गरीब पोराला सांतानं कमी काऊन दिलं, याचं उत्तर तुमच्याकडे नसते.

बॅगेत जी जागा वाचली तिथे मराठी पुस्तकं भरा, कारण ती इथे लायब्ररीत मिळत नाहीत म्हटलं तरी चालेल. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रपुस्तकं स्वस्त आणि पातळ असतात, वजनाला सोपी. ज्योत्स्ना प्रकाशनाची माधुरी पुरंदऱ्यांची ‘राधाचं घर’ मालिका घ्या, साडेचार वर्षांना नेमकी आहे. तुलिका प्रकाशनाची काही पुस्तकं मराठी-इंग्रजी दोन्ही मजकुरांची असतात, ती शाळेत बाईंना दाखवायला कामी पडतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, आणि बालभारतीचं ‘किशोर’ मासिक, १९७१ पासूनचे अंक, ऑनलाइन आहेत. ते पोरगी थोडी मोठी झाल्यावर. आपल्याकडच्या सणांचं, तान्ह्या पोळ्याचं किंवा भुलाबाईचं, चित्रपुस्तक मला दुकानात कुठे दिसलं नाही. तुम्ही निघण्याआधी पोरीचा लाकडी बैल आणि भुलाबाईच्या गाण्यांची वही आणा, फोटो काढून चार पानं शिवली की पुस्तक झालंच. डिसेंबरात वर्गात ‘तुमच्या घरचा सण’ विचारतात तेव्हा हेच द्यायचं.

बाकी बारीकसारीक. पुस्तकांत सगळीकडे बर्फ असतो, पण प्रत्यक्षात इंग्लंडात २५ डिसेंबरला बहुतेक वेळा पाऊस किंवा नुसतं ढगाळ असते, पोरीला तेवढं आधी सांगून ठेवा. दुपारी चारच्या आसपास अंधार पडतो. शाळा दोनेक आठवडे बंद. २५ तारखेला रेल्वे नाही, बस जवळपास नाहीच, मोठी दुकानं कायद्यानं बंद आणि लायब्ररीपण बंद. वहिनींची त्या दिवशी ड्यूटी लागायची शक्यता बरीच, नव्यांना लागतेच. दवाखान्यात जायची सोय आधी करून ठेवा. घरी तुम्ही आणि दोन लेकरं. म्हणून २३ तारखेपर्यंत दूध, पीठ, भाजी आणि पिशवीभर पुस्तकं आणून ठेवा. नवी कमी घ्या, पोरीनं आधी ऐकलेलीच जास्त घ्या. त्या दिवसात ती तीच परत परत मागते.

शाळेच्या प्रवेशाचा अर्ज मात्र पोचल्यावर लगेच टाका, पत्त्याचा कागद हाती आला की त्याच दिवशी. वर्षाच्या मधात जागा शोधायची असते आणि घराजवळची शाळा भरलेली असली तर लांबची देतात. लायब्ररी आणि शाळा, दोन्हींना तोच कागद लागतो, म्हणून घरमालकाकडून त्याच्या दोन प्रती मागून घ्या.